सहा पॉइंट दोन

इर्याचा राग दोन ठिकाणांहून येतो.
एक मनातून, दुसरा रक्तातून,
आणि दोघांचा आवाज एकच.
एकोणचाळीस वर्षं झाली,
दारात कोण उभं आहे हे मला अजून
पायरवावरून ओळखता येत नाही.

पहिल्या हिवाळ्यात तर काहीच ठाऊक नव्हतं.
कुह्मोच्या त्या भाड्याच्या खोलीत
पहाटे तीनला ती उठून बसली, म्हणाली,
माझे मोजे कुणी चोरले?
मोजे पायांत होते.
बाहेर उणे एकतीस, आणि तिची पाठ घामाने चिंब,
आणि मी हसलो.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग शिकलो.
आमच्याकडे साखर लहान आकड्यांत मोजतात:
चारच्या खाली गेली की धावाधाव,
फार वर गेली की पाणी, आणि गप्प बसणं.
ब्लूबेरीचा रस पलंगाच्या कोणत्या बाजूला ते शिकलो.
सॉनातून आल्यावर तासभर तिच्यावर नजर,
कारण त्या वाफेत इन्सुलिन उधळतं
दावं तुटलेल्या वासरासारखं.
वेलचीचा पाव अर्धा.
पाहुण्यांसमोर ती मोजत नाही;
मी मोजतो, टेबलाखाली, बोटांच्या पेरांवर.

औषध थंड ठेवा, असं पुडक्यावर लिहिलेलं असतं.
आम्ही गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जातो तेव्हा
ते गोठू नये म्हणून
पेन तिच्या स्वेटरच्या आत, काखेशी,
नुकतं जन्मलेलं कोकरू न्यावं तसं.
साखरेचे खडे माझ्या खिशात, गळाच्या जुन्या डबीत.
एकदा काळोखात मी खडा म्हणून
गळाचं शिसं तिच्या तळहातावर ठेवलं.
ते तिने जपून ठेवलंय,
भांडताना काढायला.

तोंडात साखर ठेवून बोलावं म्हणतात.
मी खरोखरच ठेवत आलो, तिच्या तोंडात.
आवाज चढला की खडा.
दार आपटलं की खडा.
"मोजलीस का?"
हे मी किती वेळा म्हटलं असेन
ते मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

गेल्या मार्चात मी होडी ओइवाला देऊन टाकली.
भाऊ आहे, मागितली, दिली.
होडी माझ्या बापाची,
पण दर वसंतात डांबर लावायची ती,
गुडघ्यांवर बसून,
टोचून टोचून बधिर झालेल्या बोटांनी.
तिला विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून बोलू लागली.
आधी होडीबद्दल. मग ओइवाबद्दल.
मग म्हणाली, त्या रात्री तू हसला होतास.
मला आठवतं.

माझा हात सवयीने खिशाकडे गेला.
"मोजलीस का?" मी म्हणालो, अगदी मऊ आवाजात.

ती थांबली.
बाही वर सरकवली,
दंडावरच्या गोल बटणाला फोन लावला
आणि माझ्या नाकासमोर धरला.
सहा पॉइंट दोन.
शेजारचा बाण आडवा, ना चढता ना उतरता.
"बघ," ती म्हणाली, "नीट बघ, ताउनो.
नर्ससमोरसुद्धा इतकी छान नसते.
हा राग माझा आहे.
सगळाच्या सगळा माझा.
आता खाली बस."

मी बसलो.
ती खूप वेळ बोलली.
तळ्यावरचा बर्फ मध्येच कुठेतरी तडकला,
लांबवर, पोटातून.
कुणीच तिकडे पाहिलं नाही.

संपलं तेव्हा तिचे हात थरथरत होते.
मी विचारलं नाही.
न विचारणं किती अवघड असतं
हे साठीनंतर कळलं.
तिनेच फोन दंडाला लावला, पाहिलं,
मला दाखवलं नाही,
नुसता तळहात पुढे केला.
मी डबी उघडली,
चाचपलं, दिव्याखाली धरून खात्री केली.
खडाच होता.

होडी अजून ओइवाकडे आहे.
शनिवारी मागायला जायचंय.
ती म्हणते, मी गाडीत बसेन,
बोलायचं तू.